प्रयोगजीवी कलांच्या (नाटक, संगीत अशा रंगमंचावर सादर होणाऱ्या कलांच्या) अभिलेखागारात पहिल्यांदाच जाणार आहे. काय अपेक्षित धरावे?

प्रकाशवही

नमस्कार. रंगमंचीय प्रकाशयोजना कशी बदलत गेली, हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. आजवरचे माझे सगळे काम छापील पुस्तके, मासिकांचे जुने अंक आणि ज्येष्ठ रंगकर्मींच्या मुलाखती यांवरच झाले. आता पुढच्या महिन्यात चार दिवस एका अभिलेखागारात जायचे ठरले आहे. बंद पडलेल्या एका नाट्यसंस्थेचे कागद, छायाचित्रे, काही ध्वनिफिती आणि थोडे चित्रीकरण तिथे जमा आहे. संग्रहसूची मी संकेतस्थळावर पाहिली, पण 'पेटी ४, पत्रव्यवहार, संकीर्ण' अशा नोंदींवरून आत नेमके काय आहे याचा मला काहीच अंदाज येत नाही.

आधी काय कळवावे लागते, सोबत काय नेता येते, हातमोजे घालावे लागतात का, छायाचित्रे काढू देतात का, ध्वनिफिती लगेच ऐकायला मिळतात का, आणि चार दिवस पुरतील का, असे माझे प्रश्न आहेत. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावेत.

पेटी_क्रमांक_नऊ

मी अशाच एका संग्रहात बरीच वर्षे सूचीकरणाचे काम केले आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने काय दिसते ते सांगतो.

ग्रंथालयाची सवय बाहेर ठेवून या. ग्रंथालयात पुस्तके विषयवार लावलेली असतात. अभिलेखागारात कागद ज्या व्यक्तीकडून किंवा संस्थेकडून आले तिच्या नावाने एकत्र राहतात, आणि तिने ज्या क्रमाने ते ठेवले होते तो क्रमही शक्यतो मोडला जात नाही. त्यामुळे सूचीत 'प्रकाशयोजना' हा शब्द शोधून फारसे हाती लागणार नाही. दिव्यांच्या जागा दाखवणारा आराखडा नेपथ्यकाराच्या गुंडाळीत असतो, दिव्यांच्या भाड्याची पावती हिशेबाच्या फायलीत असते, आणि दुसऱ्या अंकात नटांचे चेहरेच दिसले नाहीत ही तक्रार दिग्दर्शकाला आलेल्या पत्रांत निघते. म्हणून जाण्यापूर्वी त्या प्रयोगांशी संबंधित माणसांची यादी करा आणि त्यांच्यापैकी कोणाचे कागद कोणत्या पेटीत आहेत असे विचारा. विषयापेक्षा नावाने शोध लवकर लागतो.

निदान दोन आठवडे आधी पत्र पाठवा. 'मला तुमचा संग्रह पाहायचा आहे' एवढ्या एका वाक्याचे पत्र आम्हाला रोज येते आणि त्याला आम्ही काहीही उपयोगाचे उत्तर देऊ शकत नाही. कोणत्या काळातील कोणते प्रयोग, सूचीतील कोणते पेटी क्रमांक, कागद हवेत की ध्वनिमुद्रणे, आणि तुम्ही कोणत्या तारखांना येणार, एवढे लिहिले की उत्तर कामाचे येते. पुष्कळ ठिकाणी साठ्याचा काही भाग दुसऱ्या इमारतीत असतो आणि तिथून पेट्या आणायला एक-दोन दिवस जातात. जुन्या निगेटिव्ह आणि फिल्म शीतकक्षात ठेवलेल्या असल्या, तर त्या बाहेर काढल्यावर लगेच उघडताही येत नाहीत. वाचनकक्षाच्या तापमानाला हळूहळू येऊ दिल्या नाहीत तर त्यांच्यावर दव धरते. आयत्या वेळी मागणी केलेल्या माणसाला आम्ही नाही म्हणतो ते पुष्कळदा यामुळे.

प्रत्यक्ष दिवसाचे म्हणाल तर ओळखपत्र दाखवून नोंदणी होते आणि पिशवी बाहेरच्या कपाटात ठेवावी लागते. आत शिसपेन्सिल, सुटे कागद, लॅपटॉप आणि परवानगी असेल तर कॅमेरा एवढेच नेता येते. शाईचे पेन आणि पाण्याची बाटली कुठेही चालत नाही. साठ्याच्या खोलीत तुम्हाला जाता येत नाही. मागणीपत्र भरायचे आणि वाट पाहायची. पेटी एका वेळी एक आणि तिच्यातील फोल्डरही एका वेळी एकच उघडायचा, कारण दोन फोल्डर शेजारी उघडे राहिले आणि त्यांतले कागद एकमेकांत गेले, तर पुढच्या संशोधकासाठी ते हरवल्यासारखेच असतात. टाचण्या, क्लिपा स्वतः काढू नका, घडी उलगडत नसेल तर ओढू नका, आम्हाला हाक मारा.

हातमोज्यांविषयी बराच गैरसमज आहे. कागदासाठी स्वच्छ धुतलेले, कोरडे हात उत्तम. सुती मोज्यांनी बोटांना कागदाची कड कळत नाही आणि जीर्ण पान फाटण्याचा धोका वाढतो. छायाचित्रे, निगेटिव्ह आणि धातूच्या वस्तू यांना मात्र बोटांचा घाम लागू नये म्हणून मोजे देतात, आणि तेही अलीकडे बहुधा नायट्राइल या कृत्रिम रबराचे असतात. अर्थात तिथला नियम जो असेल तो पाळा. वाद घालण्यात तुमचाच अर्धा तास जाईल.

छायाचित्रणाची परवानगी बऱ्याच ठिकाणी फ्लॅशशिवाय आणि एक अर्ज भरून मिळते. प्रत्येक फोल्डर उघडल्यावर पहिले छायाचित्र त्याच्या बाहेरच्या चिठ्ठीचे घ्या. मी स्वतः संशोधक म्हणून पहिल्यांदा एका संग्रहात गेलो तेव्हा अडीचशे पानांची छायाचित्रे घेऊन आलो आणि घरी बसल्यावर कोणते पान कोणत्या फोल्डरमधले हे मला सांगता येईना. ती सगळी पाने संदर्भ म्हणून देण्यासाठी पुन्हा प्रवास करावा लागला.

तबकडी

कागदाबद्दल वर सांगितलेच आहे. मी ध्वनिमुद्रणांवर काम करते, तेव्हा त्याविषयी लिहिते.

ध्वनिफीत लगेच ऐकायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. मूळ फीत वाचकाच्या हातात बहुतेक कधीच देत नाहीत. तिची डिजिटल प्रत झालेली असेल तर ती तिथल्या संगणकावर, हेडफोन लावून ऐकायची. प्रत झालेली नसेल तर फीत आधी तपासावी लागते. १९७० आणि १९८० च्या दशकांतील कित्येक चुंबकीय फितींवरचा लेप हवेतील ओलावा शोषून चिकट होतो. अशी फीत तशीच यंत्रावर चढवली तर लेपच खरवडून निघतो आणि त्याच्याबरोबर आवाजही जातो. तिला सुमारे ५० अंश सेल्सिअसवर काही तास नियंत्रित उष्णता देऊन कोरडी करतात आणि मग थोड्या काळात तिची प्रत करून घेतात. जुन्या, अॅसिटेट या प्लास्टिकच्या फितींचा दोष वेगळा असतो, त्यांच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास येतो, फीत आक्रसते आणि ठिसूळ होते. तिला उष्णता दिली तर उलट नुकसान होते. म्हणजे कोणत्या फितीचे काय करायचे हे आधी ओळखावे लागते, आणि ते काम चार दिवसांत तुमच्यासाठी कोणी करून देईल असे नाही. फितींचे क्रमांक आत्ताच कळवा आणि त्यांपैकी कोणत्या ऐकण्यास उपलब्ध आहेत एवढेच विचारा.

डब्यावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका. फीत महाग होती आणि ती पुसून पुन्हा वापरली जाई. एकदा एका डब्यावर प्रयोगाचे नाव आणि तारीख होती. आत त्या प्रयोगाची पहिली अकरा मिनिटे होती, पुढे कोणाच्या तरी घरातली तालीम, आणि शेवटी रेडिओवरच्या बातम्या. मला त्या तालमीचा उपयोग अधिक झाला, पण ते नशीब.

तुमच्या संग्रहात जुन्या तबकड्या असतील तर आणखी एक सावधगिरी बाळगा. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तबकड्या सुरुवातीच्या काळात नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित होतच असत असे नाही, आणि वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला की आवाज जवळपास अर्ध्या स्वराने चढतो. त्यावरून गायकाची पट्टी ठरवणाऱ्या लेखकांचे मला नेहमी नवल वाटते. शिवाय दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटे मावत, त्यामुळे रंगमंचावर रंगत गेलेले पद तिथे आवळून गायलेले असते. त्या ध्वनिमुद्रणाला प्रयोगाचा पुरावा मानताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

चित्रीकरणाचे नियम सर्वांत कडक असतात. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रयोगजीवी कला शाखेत १९७० पासून रंगमंचीय प्रयोगांचे चित्रीकरण करून ठेवण्याचा उपक्रम चालू आहे. त्या फिती आधी वेळ ठरवून, तिथेच बसून पाहता येतात, त्यांची प्रत कोणालाही मिळत नाही. कलावंत आणि त्यांच्या संघटनांनी संमती दिली ती याच भरवशावर. इतरत्रही साधारण हीच पद्धत दिसेल, तेव्हा पाहतानाच मिनिट-सेकंदासह टिपणे घ्यायची तयारी ठेवा.

विंगेतून

प्रकाशयोजना हा माझाही विषय असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

चार दिवसांपैकी पहिला दिवस रंगमंच व्यवस्थापकाच्या संहितेला द्या. इंग्रजी रंगभूमीवर जिला प्रॉम्प्ट बुक म्हणतात ती ही प्रत. छापील किंवा टंकलिखित संहितेची पाने सुटी करून मोठ्या वहीत डकवलेली असतात, समोरचे पान कोरे असते, आणि त्या कोऱ्या पानावर प्रयोग लिहिलेला असतो. मी पाहिलेल्या एका वहीत एका वाक्याच्या शेवटच्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ होती, रेघेच्या टोकाला 'क्यू १४', त्याच्यापुढे 'खिडकी ७ वरून ३, मोजून ८'. म्हणजे चौदाव्या इशाऱ्याला खिडकीचा उजेड सातवरून तीनवर, आठ आकडे मोजेपर्यंत आणायचा. 'मोजून ८' नंतर खोडून 'मोजून १२' केलेले होते, आणि तेही खोडून तांबड्या शाईत 'ती बसल्यावर' एवढेच लिहिले होते. प्रकाश आकड्यावर न जाता नटीच्या हालचालीवर कधी जाऊ लागला, हे मला कोणत्याही मुलाखतीत कळले नव्हते. पेन्सिलीचे, निळ्या शाईचे आणि तांबड्या शाईचे थर बहुधा वेगवेगळ्या काळातले असतात: तालीम, पहिले प्रयोग, दौरा, पुनरुज्जीवन. म्हणून छायाचित्र रंगीत घ्या. कृष्णधवल छायाप्रतीत हे थर एकमेकांत मिसळतात.

संहितेच्या प्रतीही एकाहून अधिक निघतील आणि कोणती प्रत कशासाठी केली होती हे पाहावे लागेल. ब्रिटनमध्ये १७३७ च्या कायद्यापासून १९६८ पर्यंत प्रयोगापूर्वी संहिता लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या कचेरीत मंजुरीसाठी द्यावी लागे. १८२४ पासूनच्या त्या प्रती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्याआधीच्या बहुतेक कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन लायब्ररीत. अभ्यासकांना हा खजिनाच आहे, पण ती परिनिरीक्षणासाठी सादर केलेली प्रत आहे, रंगमंचावर बोललेली नव्हे. तुमच्या संग्रहात 'मंजूर' असा शिक्का असलेली संहिता निघाली तर तिच्याबद्दलही हेच ध्यानात ठेवा.

आराखड्यांवर दिव्यांच्या बाजूला लहान आकडे दिसतील, ते बहुधा रंगीत जिलेटिनचे, म्हणजे उजेडाला रंग देण्यासाठी दिव्यापुढे लावायच्या पारदर्शक कागदाचे, क्रमांक असतात. हा क्रमांक उत्पादकागणिक बदलतो, तेव्हा एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या नमुनापुस्तकात शोधला तर भलताच रंग निघेल. त्या काळातील नमुनापुस्तक संग्रहात आहे का हे विचारा. मिळालेच, तरी त्यातील तुकड्यांचे रंग इतक्या वर्षांत उडालेले असू शकतात. रंगाचे छापील नाव टिपून घ्या आणि डोळ्यांना दिसणारी छटा अंतिम मानू नका.

आता निराशेची बाजू. छायाचित्रांत तुम्हाला प्रकाशयोजना दिसेल असे वाटत असेल, तर बहुतेक वेळा ती दिसणार नाही. जाहिरातीसाठीची छायाचित्रे प्रयोगाच्या वेळी नव्हे, तर स्वतंत्रपणे नटांना उभे करून, छायाचित्रकाराला पुरेल एवढा उजेड पाडून काढलेली असत. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांना गडद अंधार आणि झगझगीत उजेड एकाच चौकटीत पेलत नसे, त्यामुळे चित्रीकरणासाठी उजेड वाढवलेला असण्याचा संभव मोठा. वर्तमानपत्रांतील परीक्षणे तर दिव्यांना एक वाक्य देतात, तेही विशेषणाचे. म्हणूनच दिव्यांच्या भाड्याच्या पावत्या आणि विजेच्या जोडणीच्या याद्या या कंटाळवाण्या कागदांवर मी अधिक विसंबतो.

आणि एक उलटे वाटेल असे निरीक्षण. काळ जितका अलीकडचा तितके साहित्य अधिक, हे प्रकाशयोजनेच्या बाबतीत खरे नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर १९७५ साली प्रकाशयोजनाकार थॅरन मुसर यांनी संगणकीय स्मृती असलेला नियंत्रण-फलक वापरला, आणि पुढे तसे फलक सर्वत्र आले. त्याआधी डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारे उपकरण) चालवणाऱ्याला प्रत्येक बदल कागदावर लिहून ठेवणे भाग होते; त्यानंतर तो फलकाच्या स्मृतीत आणि मग फ्लॉपीवर जाऊ लागला. कागद आजही वाचता येतो. फ्लॉपी पेटीत मिळेल, पण ती वाचणारा त्या जातीचा फलक कुठे शिल्लक असेल याचा भरवसा नाही. तुमच्या संस्थेचा शेवटचा काळ या बदलानंतरचा असेल, तर तिथे पोकळी आढळली म्हणून सूचीकाराला दोष देऊ नका.

पेटी_क्रमांक_नऊ

शेवटच्या वाक्याबद्दल आभार. दोष आम्हाला नेहमीच मिळतो.

प्रकाशवही

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. आणखी दोन शंका आहेत. छायाचित्रे आणि आराखडे माझ्या प्रबंधात छापायचे झाल्यास अभिलेखागाराची परवानगी पुरेशी असते का? आणि दुसरे, सूचीतील एका कार्यक्रमपत्रिकेचे चित्र संकेतस्थळावर आहे, तिच्यावर 'शनिवार, १४ डिसेंबर' एवढेच छापले आहे, वर्ष नाही. अशा वेळी काय करतात?

विंगेतून

कार्यक्रमपत्रिका छापणाऱ्यांना वर्ष लिहिण्याची गरजच वाटत नसे, कारण त्यांच्या प्रेक्षकाला ते ठाऊक होते. मात्र वार आणि तारीख एकत्र असणे हे भाग्य समजा. संस्था साधारण कोणत्या काळात चालू होती ते धरा आणि कॅलेंडर पाहा. उदाहरणार्थ १९५५ ते १९७० या काळात १४ डिसेंबरला शनिवार फक्त १९५७, १९६३ आणि १९६८ या वर्षी येतो. मग पत्रिकेतील जाहिराती, दूरध्वनी क्रमांकातील आकड्यांची संख्या आणि नटसंचातील नावे पाहून तिन्हींपैकी दोन वर्षे बहुधा बाद करता येतात. ठरलेले वर्ष तुमच्या टिपणात चौकटी कंसात लिहा, म्हणजे ते मूळ कागदावरचे नाही हे पुढच्या वाचकाला कळेल.

पेटी_क्रमांक_नऊ

परवानगीविषयी. कागद ज्याच्या कपाटात आहे आणि त्या कागदावरील मजकुराचा हक्क ज्याच्याकडे आहे, ते दोघे निराळे असू शकतात, आणि प्रयोगजीवी कलांत ते बहुधा निराळेच असतात. संस्थेने पेट्या आम्हाला दिल्या म्हणजे छायाचित्रकाराचा, नाटककाराचा किंवा आराखडा काढणाऱ्याचा हक्क आमच्याकडे आला असे होत नाही. म्हणून आम्ही देतो ती परवानगी आमच्या वस्तूची प्रतिमा वापरण्याची असते. उरलेली तुम्हाला मिळवावी लागते. मुदती देशागणिक वेगळ्या आहेत. भारतात नाट्यकृतीचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनापासून ६० वर्षे, आणि कलावंताचा स्वतःच्या सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षे. ही मोजणी पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून होते. अनेक देशांत लेखकाच्या हक्काची मुदत मृत्यूनंतर ७० वर्षे आहे.

एक प्रयोग म्हणजे पाच-सहा जणांचे हक्क, हे गृहीत धरूनच चाला. प्रबंधासाठी कोणती प्रतिमा छापायची ते तिथे असतानाच ठरवा आणि तिच्या मागे छायाचित्रकाराचा शिक्का आहे का हे पाहून घ्या. पाठीमागची बाजू कोणी बघत नाही आणि हवे ते नाव नेमके तिथेच असते. तिचेही छायाचित्र घ्या.

याशिवाय दात्याने काही पत्रे ठरावीक वर्षापर्यंत बंद ठेवण्याची अट घातलेली असू शकते. सूचीत तसे लिहिलेले असते, पण बारीक अक्षरात.

तबकडी

चार दिवस पुरतील का, या प्रश्नाचे उत्तर राहूनच गेले. कागदांच्या बाबतीत पहिल्या दिवशी दोन-तीन पेट्यांहून अधिक होत नाहीत, पुढे वेग वाढतो. ध्वनिमुद्रणाचा वेग मात्र वाढत नाही: तीन तासांचा प्रयोग ऐकायला तीन तास लागतात आणि टिपणे घेत, मागे जात ऐकले तर पाच. वाचनकक्ष दिवसाला सहा-सात तास उघडा असेल, तर एका फितीवर तुमचा एक पूर्ण दिवस जातो. त्या प्रयोगातील प्रकाशाविषयी ध्वनिफीत काय सांगणार, हे तुम्हीच ठरवा. मी तुमच्या जागी असते तर एकच फीत निवडली असती, ती संहिता समोर उघडून ऐकली असती, आणि दोन संवादांमधल्या शांततांची लांबी मोजली असती. अंधार किती वेळ टिकला याचा तेवढाच काय तो थेट पुरावा असतो.

प्रकाशवही

आपण सर्वांनी सांगितल्याप्रमाणे माणसांची नावे आणि पेटी क्रमांक देऊन नवे पत्र पाठवले होते, त्याचे उत्तर आज आले. माझ्या यादीतील दोन पेट्या बाहेरच्या साठ्यात होत्या, त्या मागवल्या आहेत. तीन फितींपैकी एकीचीच प्रत झालेली आहे. चित्रीकरण पाहण्यासाठी तिसऱ्या दिवशी दुपारची वेळ दिली आहे. आणि मी न विचारताच अभिलेखपालांनी कळवले की रंगमंच व्यवस्थापकाच्या दोन वह्या आहेत, पण त्या पत्रव्यवहारात नाहीत. संस्थेच्या कार्यालयात त्या जमाखर्चाच्या वह्यांबरोबर एकाच कपाटात होत्या म्हणून 'पेटी ११, हिशेब' या नोंदीखाली गेल्या आहेत. ती पेटी मी माझ्या मागणीपत्रात धरलीच नव्हती. आता पहिल्या दिवसासाठी तीच मागितली आहे.